‘सूनी सराय’मधलं कापलेलं गाणं

॥ श्री ॥
पुणे, १२ जून २००६

चि. जनार्दन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू नुसता ‘हो, हो’ करतोस आणि नंतर लीलाला सांगतोस की ताई मजेत आहे. मी मजेत आहेच, पण परवा मला वेगळंच सांगायचं होतं. म्हणून हे पत्र, चष्मा लावून नीट वाच.

आमच्या लेकीचा, कमलिनीचा, धाकटा दीर दिवाकर तुला आठवत असेल. सदाशिव पेठेत एका खोलीत बसून तो विसरलेल्या हिंदी सिनेमांच्या संगीताच्या सीड्या काढतो. प्रती पाचशे. घेणारे सगळे एकतर ब्रह्मचारी, नाहीतर ब्रह्मचारी राहिले असते तर बरं झालं असतं असे. त्याला दीपस्तंभ स्टुडिओच्या गोदामात ‘सूनी सराय’चं सगळं रेकॉर्डिंग सापडलं. हो, तोच सिनेमा. १९६३ साली यमुनामावशीच्या बाळंतपणाला म्हणून मुंबईला गेले आणि आप्पांच्या नकळत, भानुमती देवी या नावाने, एक गाणं गाऊन आले, तो. पुढे सिनेमा लांबला म्हणून माझं गाणं कापलं आणि नायकाचा घोडा चार मिनिटं धावत ठेवला. तबकडीही निघाली नाही. मी स्वतः ते एकदाच ऐकलंय, रेकॉर्डिंगच्या खोलीत, आणि पंखा बंद होता एवढंच आता आठवतं.

दिवाकरने स्टुडिओशी करार केला होता. सीडी निघणार, शिवाय कापलेल्या गाण्यासकट सिनेमाची डीव्हीडी. तेवढ्यात दीपस्तंभ दिल्लीच्या कुठल्याशा केबलवाल्या कंपनीत विलीन झाला. नव्या साहेबांचं म्हणणं, पाच हजार प्रतींच्या खालची कामं बंद. वर्षअखेर गोदाम रिकामं करायचंय, बिनकामाची रिळं भंगारात. दिवाकर रोज कुणाला ना कुणाला पत्र लिहितोय.

मला ते एकदा ऐकायचं आहे रे. चौसष्टाव्या वर्षी हे काय खूळ, असं लीलाला म्हणालास तर मला कळेल.

तुझी काळजी न सांगता करणारी,
अनुसूयाताई


झाशी, २७ जून २००६

तीर्थरूप ताईस जनार्दनाचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र चष्मा लावून वाचलं, मग लीलाने वाचलं, मग तिने मला वाचून दाखवलं. खूळ वगैरे मी काही म्हणालो नाही. लीला म्हणाली, पण कौतुकाने.

विलीनीकरणाचं मला सांगू नकोस, मी छत्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली आहेत. आमचा विभाग एका रेल्वेतून काढून दुसरीला जोडला तेव्हा सगळ्यात आधी पाट्या रंगवल्या. तुझ्या केबलवाल्यांचंही तेच चालू असणार. ज्याला घोडा आणि गाणं यांतला फरक कळत नाही, त्याच्या हातात गोदामाच्या किल्ल्या गेल्या.

मी स्वस्थ बसलेलो नाही. बडा बाजारात व्हीडिओच्या दुकानात ‘सूनी सराय’ विचारला. दुकानदार भैयाने माझ्या वयाकडे पाहून भक्तिपट दिला, तो परत केला तर कुस्त्यांची डीव्हीडी पुढे केली. मग कुणीतरी सांगितलं की मऊरानीपुरच्या जुन्या टॉकीजवाल्याकडे प्रिंट आहे. बस पकडून गेलो. त्याने पेरू खाऊ घातले आणि सांगितलं की प्रिंट होती, पण वीस वर्षांपूर्वी तिच्यातली चांदी काढणाऱ्याला विकून टाकली. तेव्हा दिवाकरचं रीळ हेच काय ते शेवटचं. त्याला म्हणावं, चिवटपणा सोडू नकोस.

दात काढून घेतोय, त्यामुळे सध्या रागावलो तरी कुणाला कळत नाही.

लोभ आहेच, त्यात भर टाकायची असेल तर लोणचं पाठव.
जनार्दन


पुणे, २० ऑगस्ट २००६

चि. जनार्दन यास आशीर्वाद, जरा हात आखडूनच.

दिवाकरच्या चिवटपणाला यश आलं. नव्या कंपनीत एक वकीलबाई आहे, तिशीची असेल, पण शहाणी. तिने साहेबांकडून एवढं मान्य करून घेतलं की ज्यांचे करार आधीच झालेत ती छोटी कामं पुरी करू द्यायची. अट एकच, गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती. पत्ते स्टुडिओच्या जुन्या रजिस्टरातून घेतले. भानुमती देवींना जुलैत झाशीच्या आपल्या घराच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र गेलं, आणि आठवड्यात परत आलं. त्यावर हिंदीत लिहिलंय की इस नाम का यहाँ कोई नहीं.

दिवाकरने पाकिटाची झेरॉक्स माझ्यापुढे ठेवली. त्यातला ‘ह’ उंदराच्या शेपटीसारखा लांब ओढलेला आहे. तो ‘ह’ मी तुला पाटीवर गिरवायला शिकवला आणि शेपटीवरून दोनदा कानही धरला होता.

मी कमलिनीला घेऊन मुंबईला त्या ऑफिसात गेले. रेशनकार्डावर, मतदार ओळखपत्रावर, सगळीकडे मी अनुसूया. भानुमती म्हणून एक चिटोरंही नाही. शेवटी तिथेच दोन ओळी गाऊन दाखवल्या. पाणी प्यायला आलेली तीन माणसं ग्लास हातात घेऊन उभी राहिली. वकीलबाईचे डोळे भरले, पण ती म्हणाली की आवाज फायलीला टाचता येत नाही. तिला प्रतिज्ञापत्र हवंय, त्या काळी मला या नावाने ओळखणाऱ्या माणसाचं, एका साक्षीदारासह. मुदत १५ सप्टेंबर. नाही मिळालं तर माझं गाणं वगळून सीडी निघेल आणि ते रीळ भंगारात जाईल.

आप्पा नाहीत, आई नाही, यमुनामावशी नाही. उरलास तू. पण आधी सांग, पत्र परत का केलंस.

ताई


झाशी, २९ ऑगस्ट २००६

तीर्थरूप ताईच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. या वेळी खरोखरीच वाकून लिहितोय.

पोस्टमनने दारातून विचारलं की भानुमती देवी इथे राहतात का, आणि माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं. पाकीट कुणाकडून आलंय ते मी पाहिलंसुद्धा नव्हतं, पेन त्याचंच घेतलं आणि लिहून मोकळा झालो. चहाचा दुसरा घोट घेताना डोक्यात उजेड पडला. स्कूटर काढून लक्ष्मी तालाच्या काठापर्यंत त्याच्या मागे गेलो. तो म्हणाला, बाबूजी, एकदा लिहिलंत की कागद सरकारचा झाला. मी त्याला पेढे देऊ केले, त्याने पेढे घेतले आणि पाकीट नाही दिलं. त्यानंतर तुला रोज कळवायचं ठरवत होतो आणि रोज दात दुखत होता.

ही सवय कुठली, तेही लिहितो. तू नाव खोटं दिलंस आणि पत्ता खरा, असं आपल्या घरातलंच माणूस करू जाणे. चौसष्ट सालच्या होळीआधी स्टुडिओचं एक पाकीट याच नावाने आलं होतं. आप्पांनी ते हातातही घेतलं नाही. मला म्हणाले, लिही, इथे अशी कोणी नाही. तुझं लग्न ठरत होतं, मी अठरा वर्षांचा होतो. तू तेव्हा मागच्या अंगणात पापड वाळत घालत होतीस. मी लिहिलं. तुला आजवर सांगितलं नाही. आत काय होतं मला ठाऊक नाही, आणि ते मला कधी विचारवलंही नाही. मी चुकलो, ताई. तेव्हा आप्पांना भिऊन आणि आता कुणालाही भ्यायचं कारण नसताना.

काल कचहरीत जाऊन स्टँपपेपरवर शपथ घेतली की भानुमती देवी ही माझी सख्खी थोरली बहीण. साक्षीला गोविंदराव आले, आप्पांचे मित्र, वय सत्त्याऐंशी. रिक्षात मी त्यांना हळूहळू, धक्का बसू नये अशा बेताने सगळं सांगत होतो. ते म्हणाले की सगळ्या गल्लीला त्रेसष्ट सालीच कळलं होतं. बाळंतपणाहून आलेली मुलगी पाळणा सोडून सारखा दादरा गुणगुणते, तेव्हा न कळायला काय झालं? आप्पांना वाईट वाटू नये म्हणून सगळे गप्प बसले. म्हणजे बेचाळीस वर्षं मी एकटाच पहारा देत होतो.

कागद कुरियरने वेगळे पाठवलेत. त्यांची पोहोच कळव, आणि रागावली असशील तर तसं लिही.

क्षमेची वाट पाहणारा,
जनार्दन


पुणे, ३ ऑक्टोबर २००६

चि. जनार्दन यास अनेक आशीर्वाद.

कागद वेळेत पोहोचले. गाणं राहिलं. सीडी दिवाळीआधी येतेय, डीव्हीडी नंतर.

वकीलबाईने जुनी फाईल उघडली तर तिच्यात चौसष्ट सालचं तुझं ते परत गेलेलं पाकीट होतं, न फोडलेलं. तिने ते दिवाकरकडे दिलं. मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, तव्यावरची पोळी करपली. पुढच्या दोन सिनेमांत गाण्यासाठी त्यांनी मला मार्चमध्ये बोलावलं होतं. सोबत घरचं माणूस आणलं तरी चालेल, असंही लिहिलं होतं.

मी रडले. मग तुझा राग आला. तो अजून गेलेला नाही, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर तू पुढच्या पत्रात लोणचं मागशील. मी गेले असतेच असं नाही. आप्पांसमोर उभं राहायची माझीही छाती नव्हती. पण नाही म्हणायचं होतं तर ते मला म्हणू द्यायचं होतंस.

दिवाकर त्याच्या खोलीत वीस-पंचवीस माणसांना बोलावून सीडी वाजवणार आहे. तू आणि लीला यायचं आहे, तिकिटं काढ. ज्या गाण्यापायी बेचाळीस वर्षं दाराशी उभा राहिलास, ते तू एकदाही ऐकलेलं नाहीस. ते वाजेल तेव्हा मी गाणं नंतर ऐकेन. आधी तुझं तोंड बघणार आहे.

राग असला तरी आशीर्वाद थांबत नाहीत, ते घे.
ताई