गाढ झोपेची जाहिरात

३ एप्रिल, गुरुवार
ईदची गर्दी ओसरली. दुकान रिकामं. अब्बांच्या काळात लग्नसराई म्हणजे गाद्यांची थप्पी छताला टेकायची. आता नळदुर्गची पोरगी नळदुर्गातच दिली तरी रुखवतात सोलापूरच्या फोमची गादी. गुळगुळीत, प्लॅस्टिकात गुंडाळलेली, वास मारणारी.
दोष कापसाचा नाही. दोष प्रसिद्धीचा. आजपासून व्हिडिओ मार्केटिंग. चॅनलचं नाव ठरलं: ‘झुबेर गादीवाले ऑफिशियल’. तबस्सुम म्हणाली, ऑफिशियल कशाला, गावात दुसरा कोण झुबेर गादीवाला आहे? बायकोला ब्रँडिंग कळत नाही.

५ एप्रिल, शनिवार
पहिला व्हिडिओ टाकला. मी उभा राहून कापसाचे फायदे सांगतो. थोडा लांबला. पाहणारे बोटावर मोजण्याएवढे. त्यात तबस्सुम एकदा, मी बऱ्याचदा.
शेजारच्या ढाब्याचे वीरप्पाअण्णा म्हणाले, आवाज बंद करून बघितला, बरा वाटला. कौतुकाची त्यांची पद्धत अशीच आहे.

८ एप्रिल, मंगळवार
अंड्याची चाचणी. उंचावरून गादीवर अंडं टाकायचं, फुटायला नको. गादीवर फुटलंच नाही. उसळलं आणि फरशीवर जाऊन फुटलं. म्हणजे चाचणी शंभर टक्के यशस्वी. लोक कमेंटमध्ये फक्त फरशीबद्दल बोलतात. फरशी तबस्सुमनं पुसली. तीही फरशीबद्दलच बोलली.

९ एप्रिल, बुधवार
आता खरं सूत्र सापडलं. गादीचा गुण सांगायचा नाही, दाखवायचा. गादीवर खराखुरा झोपलेला माणूस पाहिजे. स्वतः झोपून पाहिलं. कॅमेऱ्यासमोर झोप लागत नाही, सारखं केस नीट करावेसे वाटतात. माणूस शोधणे.

१० एप्रिल, गुरुवार
नशीब उघडलं! दुपारी ढाब्यावर एक पिकअप थांबली. ड्रायव्हर शिवप्पा, आळंदकडचा, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारा. रात्रभर मोहोळकडं कोथिंबीर भरली होती, संध्याकाळच्या आत हैदराबादच्या मंडईत पोचवायची होती. जेवून जरा वेळ ढाब्याच्या बाजेवर पडणार होता. मी म्हणालो, बाजेवर कशाला, माझ्याकडं नवी गादी आहे, सावली आहे, पंखा लावतो. तो म्हणाला, “नको भाई. गादीवर पडलो तर उठायचा न्हाय मी.”
हेच तर वाक्य पाहिजे होतं! हाताला धरून आणला.
त्यानं मोबाइलला अलार्म लावला, उशाशी ठेवला, पडला आणि गेला. तोंड उघडं, एक पाय गादीबाहेर. असा गाढ झोपलेला माणूस मी वर्षानुवर्षं पाहिला नव्हता. शूट करत राहिलो. अलार्म वाजला तेव्हा नेमका क्लोज-अप चालू होता. बंद केला. पाच मिनिटांत उठवायचंच होतं. तबस्सुम दोनदा येऊन म्हणाली, उठवा त्याला. मी म्हणालो, नॅचरल कन्टेन्टला हात लावायचा नसतो.
मग लाइट गेली, पंखा थांबला, घामानं तोच उठला. बाहेर ऊन कलंडलं होतं. त्यानं मोबाइल बघितला, माझ्याकडं बघितलं आणि गाडीकडं पळत सुटला. अनवाणी.
कोथिंबीर झाकलेली होती. काही होत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
एडिटिंग पूर्ण. खाली लिहिलं: ‘माल विसरला, मालक विसरला, जग विसरला! गादी असावी तर अशी!’ मागं गाडीचा नंबरसुद्धा स्वच्छ वाचता येतो. कॅमेऱ्याची क्वालिटी.

१२ एप्रिल, शनिवार
व्हायरल!!
सकाळी हजारांत होता, दुपारी लाखात गेला. फोन गरम झाला, माठाला टेकवून ठेवला. लोक हसून हसून लोळतात. कुणी घोरण्याचा आवाज जोडलाय, कुणी गाणं. बरेच जण विचारतात, हा ढाबा कुठं आहे?

१३ एप्रिल, रविवार
ढाब्यावर गर्दी. पोरं बाजेवर पडून तोंड उघडं ठेवून फोटो काढतात. वीरप्पाअण्णांना दूध दोनदा मागवावं लागलं. माझ्याकडं एक कुटुंब आलं. गादीवर बसलं, उठलं, फुकट झोपायला मिळतं का विचारून गेलं. विक्री नाही. पण याला ब्रँड अवेअरनेस म्हणतात. विक्री नंतर येते.

१५ एप्रिल, मंगळवार
सकाळी अनोळखी नंबर. वाटलं मोठी ऑर्डर. शिवप्पा निघाला.
तो मंडईत पोचला तेव्हा सौदे आटोपले होते. कोथिंबीर पिवळी पडली, फेकून द्यावी लागली. वाटेत टायर पंक्चर झाला म्हणून त्यानं मालकाला सांगितलं होतं. मग मालकानं व्हिडिओ पाहिला. गाडीची किल्ली काढून घेतली. शिवप्पा ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “भाई, अलार्म म्या लावला होता. तुम्ही मालकाला सांगा की.”
बघतो म्हणालो. दिवसभर कामात होतो. संध्याकाळी त्याचे चार मिस्ड कॉल दिसले. नळदुर्गला नेटवर्कचा फार त्रास आहे.
तसं पाहिलं तर टायर पंक्चरचं खोटं त्यानं बोलायला नको होतं.

१७ एप्रिल, गुरुवार
दोन ट्रक दुकानासमोर आडवे लागले. ड्रायव्हर उतरले. एकानं विचारलं, झोपलेल्या माणसाचा तमाशा करणारा तो कोण? मी म्हणालो, मालक तेरला गेलेत, मी इथं कामाला आहे. त्यांनी भिंतीवरच्या फलकावर माझा हातभर फोटो बघितला, मग मला बघितलं. म्हणाले, मालक आला की सांग, आम्ही याच रस्त्यानं येतो-जातो.
ते गेल्यावर थप्पीमागं स्टॉक तपासत बसलो. बराच वेळ लागला. तबस्सुम येऊन उभी राहिली. म्हणाली, तेरहून कधी आलात?

१९ एप्रिल, शनिवार
तो आला.
एसटीतून उतरला, सरळ समोरच्या लिंबाखाली बसला. दुकानाकडं तोंड करून. शिवी नाही, दगड नाही, काही नाही. शटर अर्धं ओढलं. उन्हाचा त्रास होतो म्हणून. अर्ध्या शटरखालून त्याचे पाय दिसत होते. दुपारी दिसत होते. चारला दिसत होते.
एकदा वाटलं, याचाही व्हिडिओ होईल: ‘गादीसाठी आळंदहून आलेला चाहता.’ फोन हातात घेतला. चार्जिंग कमी होतं म्हणून ठेवून दिला.
तबस्सुमनं त्याला पाणी नेलं, भाकरी नेली, राहिलेली चप्पल नेली. आल्यावर सांगितलं: सोलापुरात कुठलाच ट्रान्सपोर्टवाला गाडी देत नाही. त्याला बघितलं की हसतात. त्याचं नाव ‘झोप्या’ पडलंय. गावात तो निघाला की पोरं मागं घोरत पळतात. त्यात त्याचा स्वतःचा भाचा. बायको शिवलीला दारातून बाहेर पडत नाही.
मी म्हणालो, लोक चार दिवसांत विसरतील. तबस्सुम म्हणाली, मग तोवर तुम्ही घोरत पळा ना त्याच्यामागं.

२० एप्रिल, रविवार
पुन्हा लिंबाखाली. रात्री ढाब्यावर राहिला. वीरप्पाअण्णा म्हणाले, हा माणूस आडवाच होत न्हाय. बाजेवर बसून राहतो. कुणी फोन वर केला की तोंड फिरवतो.
आज दुकान बंद ठेवलं. वार्षिक साफसफाई.

२१ एप्रिल, सोमवार
निर्णय घेतला. पुढाकार नेहमी मीच घेतो. शिवप्पाला आत बोलावलं, म्हणालो, नवा व्हिडिओ करू, तुझं नाव साफ करू. फोन स्टँडवर लावला. पहिला टेक: ‘मेहनती ड्रायव्हरला आमच्या गादीनं विश्रांती दिली.’ त्यानं नकाराची मान हलवली. दुसरा टेक: ‘चूक कुणाचीच नव्हती.’ पुन्हा मान हलवली. म्हणाला, “अलार्म लावला होता, तो तुम्ही बंद केला. एवढंच बोला.”
त्याला गादीवर बसवून शांतपणे समजावलं. म्हणालो, हे बघ, अलार्म मी बंद केला हे खरं आहे, तुला मुद्दाम उठवलं नाही हेही खरं आहे, पण हे जगाला सांगितलं तर माझ्या दुकानात कोण पाय ठेवील? तू दुसरीकडं गाडी चालवशील, मी दुसरीकडं गादी कशी शिवू? समजून घे. तो ऐकत राहिला. म्हणाला, “म्या समजून घेतो भाई. मालक घेत न्हाय.”
मग तिसरा टेक, अलार्मचं नाव न काढता, झकास झाला. संगीत टाकून अपलोड करायला तबस्सुमला दिलं.

२२ एप्रिल, मंगळवार
घात.
स्टँडवरचा फोन मधल्या वेळेत चालूच होता. तबस्सुमनं तिसरा टेक टाकलाच नाही. शिवप्पाला मी समजावत होतो ते टाकलं. जसंच्या तसं. मी मध्येच पाठ खाजवतो तो भागही धरून. वर शिवप्पाकडून नंबर घेऊन त्याच्या मालकालाही पाठवलं.
मी ओरडलो. ती शिवण खाली ठेवून म्हणाली, नॅचरल कन्टेन्टला हात लावायचा नसतो. विचारलं, नवऱ्याची अब्रू घालवून काय मिळालं? म्हणाली, “तो आपल्या घरात झोपला होता.”
आणि शिवण परत उचलली. जेवण गेलं नाही.
आता कमेंटमध्ये सगळे माझ्याबद्दलच बोलतात. त्या इथं उतरवण्यासारख्या नाहीत. ढाब्यावरून चहा आला नाही. मागवला तरी आला नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
मालकाचा फोन. जड आवाज. नमस्कार नाही. विचारलं, अलार्म वाजला होता का?
मी म्हणालो, त्या दिवशी उकाडा फार होता. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, लाइटचाही प्रॉब्लेम होता. दारात तबस्सुम उभी. तिच्यामागं शिवप्पा. तो माझ्याकडं बघत नव्हता, जमिनीकडं बघत होता. जणू लाज त्यालाच वाटत होती.
“वाजला. मी बंद केला.”
मालक म्हणाले, आधी तो झोपेचा व्हिडिओ काढून टाका. मग त्याच्या गाडीचं बघू.
काढून टाका म्हणजे? लाखो लोकांनी पाहिलेला! नळदुर्गात असा व्हिडिओ कुणाचा आहे? अब्बांनी आयुष्यभर जेवढ्या गाद्या शिवल्या, तेवढे बघणारे या व्हिडिओला एका तासात मिळाले. लगेच काढणं व्यवहाराला धरून नाही, असं ठरवलं. दुपारभर फोन मांडीवर. शेवटचं म्हणून एकदा लावला. तो तसाच झोपलेला. इतके दिवस मी गादीच बघत होतो. आज पहिल्यांदा त्याचं तोंड नीट बघितलं. ओठाच्या कडेला माशी बसली होती. मी एवढा जवळ होतो, हाकलली नव्हती.
काढला.

२६ एप्रिल, शनिवार
शिवप्पाला गाडी परत मिळाली. सकाळच्या एसटीनं सोलापूरला गेला. मी मोठ्या मनानं जाहीर कबुली दिल्यामुळंच हे झालं, असं वीरप्पाअण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. चहा अजून नाही.
निघताना मी ती गादी शिवप्पाला भेट देऊ केली. म्हणाला, “घरी बाज हाय.” मन भरून आलं असेल, म्हणून जास्त बोलला नाही.

३० एप्रिल, बुधवार
अक्षय्य तृतीया. लग्नं उदंड, गिऱ्हाईक एक. जुनी उशी उसवून कापूस पिंजून पाहिजे होता. तबस्सुमशी बोललं, तिच्याकडंच उशी देऊन गेलं. मी नमस्कार केला तेव्हा ओळखल्यासारखं हसलं. चॅनलचा परिणाम हळूहळू दिसतो.
दुपारी पायरीवर बसलो होतो. तीच पिकअप आली. स्टिअरिंगवर शिवप्पा, ताठ बसलेला, नजर रस्त्यावर. दुकानासमोरून जाताना त्यानं हॉर्न दिला. मी उठून उभा राहिलो, हात हलवला. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलवत राहिलो. आत येऊन तबस्सुमला सांगितलं, मनात काही ठेवलं नाही माणसानं, मला ओळख दिली.
ती म्हणाली, समोर म्हैस आडवी आली होती.
म्हैस होती, हे खरं आहे. पण हॉर्न दोनदा दिला. म्हशीला एकदा पुरतो.