त्यांचीही मुलं धावणार

३ मार्च

ती. दादास चिमणीचा सा. न. वि. वि.

सगळं ठीक आहे असं लिहायची सवय लागलीय, पण ठीक नाही. तुमच्या महासंघाने धावण्याच्या जागतिक शर्यतींना शत्रूदेशाच्या संघालाही बोलावलंय, हे बाबांनी वर्तमानपत्रात वाचलं. खाली चिटणीस म्हणून तुझं नाव. चष्मा काढून म्हणाले, आपला धाकटा लढाईत मारला गेला त्याला दोन वर्षंही झाली नाहीत आणि हा त्यांच्याशी हात मिळवणार. त्याला कळव, या घरी येऊ नकोस म्हणावं. कळवलं. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. का रे, दादा?

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी
चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कार्यकारिणीतही यावरूनच खडाजंगी झाली. अध्यक्ष म्हणाले, त्यांना वगळा नाहीतर राजीनामा द्या. मी म्हटलं, शर्यती पार पडल्या की देतो. नको ते देश वगळायचे, तर मग आपल्या गल्लीतल्या पोरांची शर्यत लावावी. तुझ्यासारखी रडी खेळणारीही चालेल! त्यांच्या संघातली बहुतेक मुलं लढाईच्या वेळी शाळेत होती गं. धाकट्याला पळायला मीच शिकवलं. मैदानावर चुन्याच्या रेघा आखून घेतो, तेव्हा तोच डोळ्यांपुढे असतो. बाबांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मला मागे फिरता येत नाही.

बाबांना जप. माझ्यावरची माया पातळ करू नकोस.

तुझा
दादा

२९ मे

ती. दादास सा. न. वि. वि.

धीर धरून वाच. परवा बाबा गेले. दुखणं छातीत उतरलं होतं. शर्यती संपेपर्यंत दुखण्याचं तुला कळवायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. राग होता की काळजी, मला सांगता येणार नाही.

शेवटच्या आठवड्यात ते रोज वर्तमानपत्र माझ्या पुढ्यात सरकवत. मी शर्यतींच्या बातम्या वाचायची. धाकटा धावायचा ती मैलाची शर्यत शत्रूदेशाच्याच मुलाने जिंकली. वाचताना मी थांबले, तर म्हणाले, पुढे वाच. बातमी संपल्यावर म्हणाले, आपल्या पोराने याला शेवटच्या वळणावर गाठलं असतं.

तुझा राजीनामा मंजूर झाल्याचंही छापून आलंय. आता इकडेच ये. घर फार मोठं वाटतं.

त्यांनी तुला माफ केलं असं म्हटलं नाही, दादा. तसं लिहून तुझं समाधान करावंसं वाटलं होतं. हात धजला नाही. त्यांनी शर्यत मात्र पूर्ण ऐकली.

तुझीच
चिमणी