बिघडवलेली गिटार आणि इतर जंगम मालमत्ता

अल्लाहच्या नावाने, जो दयाळू आहे. माझी एकूण कामगिरी बघता त्याला दयाळू असावंच लागेल.

मी, बदीर अल-सय्यद हसनैन, वय वर्षे सदुसष्ट, धंदा होड्यांचं सुतारकाम, आता निवृत्त, राहणार पोर्ट सईद, मासळीबाजारामागची गल्ली, असं लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही. मला भाग पाडू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी बायको सनिय्या. ती चार वर्षांपूर्वी गेली. येत्या रविवारी डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. ते म्हणाले, "हाजी, घाबरण्यासारखं काही नाही." ते ऐकलं आणि मी घाबरलो. दुसऱ्या दिवशी वकील गाठला.

वकील म्हणजे उस्ताज़ा नश्वा. माझ्या मुलीपेक्षा लहान आहे, पण कायद्याचं बोलू लागली की मी शाळेतल्यासारखा हाताची घडी घालून बसतो. कागद मी माझ्या हाताने लिहितोय, ती शेजारी बसून चुका काढतेय. मघाशीच काकाला म्हणावं तसं म्हणाली, "अम बदीर, डॉक्टर काय म्हणाले ते मृत्युपत्रात लिहायचं नसतं." मी म्हटलं, "मरणार कोण, तू का मी?" तेव्हापासून फक्त शुद्धलेखन तपासतेय.

कलम १. राहतं घर. दोन खोल्या, गच्ची आणि गच्चीवरचा कबुतरांचा खुराडा. मुलगा हम्दी याला दोन वाटे, मुलगी नगात हिला एक. हे शरियतने ठरवलेलं आहे, त्यात माझ्या मताला जागा नाही. मत मात्र आहे. आईचं आजारपण नगातने काढलं, हम्दी सणाला येऊन आईचा हात धरून रडून गेला. हम्दी, तू शहाणा आहेस. बहिणीला खुराड्यासकट गच्ची दिलीस तर कायदा तुला अडवणार नाही.

मालमत्तेच्या एक तृतीयांशाबद्दल माणसाला आपल्या मनाप्रमाणे करता येतं. इथून पुढे माझं मन.

कलम २. टपाल खात्यातली शिल्लक. तीतून कफन-दफन करावं, उरेल ते मशिदीच्या दारातल्या विधवांना द्यावं. शोकाच्या मंडपात लाउडस्पीकर लावू नये. मी हाताने जोडलेल्या लाउडस्पीकरांचा इतिहास अख्ख्या गल्लीला पाठ आहे, लोक मयताला येऊन हसत सुटतील.

कलम ३. माझी अवजारं, म्हणजे रंधे, पटाशा, तीन करवती, कानस, शिकंजे आणि सरस वितळवायचं तांब्याचं भांडं, ही सगळी जावई फतही याला. फतहीने माझ्या मोरीचा नळ बसवला तेव्हा पाईप तीनदा मोजला. मी ओरडलो, "अरे, नळ बसवतोयस का कालवा खणतोयस?" तो म्हणाला, "मामा, कापलेलं परत जोडता येत नाही." त्या वेळी मला त्याचा राग आला. आता वाटतं, हे वाक्य कुणीतरी मला पंचविसाव्या वर्षी सांगायला हवं होतं. अट एकच, या अवजारांनी कुठल्याही वाद्याला हात लावायचा नाही. लाकडाला लाकूड समजावं, त्याच्याकडून गाण्याची अपेक्षा करू नये.

कलम ४. माझ्या हातून बिघडलेल्या वाद्यांबाबत.

लढाईनंतर सुएझ कालवा पुन्हा सुरू झाला त्या वर्षापासून आमच्या बंदरात गिटारी येऊ लागल्या. जहाजावरचे खलाशी कातडी उशा आणि भुसा भरलेले उंट घ्यायचे आणि बदल्यात गिटार द्यायचे. प्रत्येक गिटारमध्ये काही ना काही मोडलेलं असायचं. माझ्या हातात करवत होती आणि स्वतःवर विश्वास होता. याहून घातक जोडी जगात नाही.

एका गिटारचा आवाज मोठा व्हावा म्हणून मी तिच्या पोटाचं भोक वाढवत नेलं. शेवटी भोकच जास्त आणि गिटार कमी अशी अवस्था झाली. दुसरीला आपल्या ऊद या तंतुवाद्याच्या लाकडी खुंट्या बसवल्या, त्या दमट हवेत फुगल्या आणि पुढे हातोडीशिवाय हलेनात. तिसरीच्या पोटात टेलिफोनचा रिसीव्हर बसवला. गल्लीतल्या लग्नात नवरदेव मांडवात शिरला आणि लाउडस्पीकरमधून बंदराच्या वाटाड्याचा आवाज आला, "उत्तरेकडून येणाऱ्याने वेग कमी करावा." नवरदेव जागच्या जागी थांबला. त्याची सासू मला आजही ओळख देत नाही.

चौथी गोष्ट मेगाहिदची. एका साखरपुड्यात भर गाण्यात मी गिटारला चिकटवलेली तारांखालची घोडी ताणाने उखडली आणि वधूचा काका मेगाहिद याच्या ओठावर बसली. एक टाका पडला. हा मनुष्य गेली तीस वर्षं हीच गोष्ट कहवाखान्यात सांगतो, आणि दर वर्षी त्याची जखम वाढत जाते. मागच्या रमजानपर्यंत ती तीन दातांवर पोचली होती. त्याच्यासाठी मी सरसाची एक सीलबंद डबी ठेवतो. बोलताना वापरावी.

(उस्ताज़ा नश्वा म्हणते, हे कलम गाळा. गाळणार नाही.)

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच मी हा कागद घेतलाय. अक्षर बिघडलं तर सांभाळून घ्यावं.

माझ्या कपाटात कापडात गुंडाळलेली एक तपकिरी गिटार आहे. ती रिझ्क दसूकी अल-बहरावी याची. राहणार पलीकडे, पोर्ट फुआदला. आम्ही दोघं एकत्र वाढलो. लढाईच्या वर्षांत गाव रिकामं झालं तेव्हा एकाच ट्रकवर बसून गेलो आणि एकत्रच परत आलो. रिझ्कची बोटं देवाने निवांतपणे घडवलेली होती. त्याला आपली बंदरावरची गाणी गिटारवर वाजवायची होती. अडचण पडद्यांची होती. गिटारच्या दांडीवरचे पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, परक्यांच्या हिशेबाने बसवलेले असतात, आपल्या गाण्यातले मधले सूर त्यांच्या फटीत राहून जातात. मी म्हटलं, "एवढंच ना? मधे आणखी पडदे बसवू. एका दुपारचं काम."

आता खरं काय झालं ते. मला हिशेब येत नव्हता. मी गिटार उचलली आणि रिझ्कच्या वडिलांकडे, अम दसूकींकडे गेलो. ते कोळी, आणि गुरुवारच्या दम्मामध्ये, म्हणजे गाण्याच्या बैठकीत, सिमसिमिय्या वाजवणारे. सिमसिमिय्याला पडदे नसतात, पाच मोकळ्या तारा, ज्याच्या त्याच्या कानाने लावायच्या. मी म्हटलं, "अम, एकेक सूर छेडा आणि गा." ते गात गेले, मी दांडीवर पेन्सिलीने खुणा करत गेलो. घरी येऊन करवतीने खाचा पाडल्या आणि पितळी तार ठोकून बसवली. कोणासाठी काय करतोय हे मी अम दसूकींना सांगितलं नाही, मला सगळं श्रेय एकट्याला हवं होतं.

दम्मामध्ये गिटार अशी लागली की माणसं उठून नाचली. तिथे काय फरक पडणार? तिथे सगळे अम दसूकींच्याच मागे गायचे. त्यांचा तिसरा सूर जगापेक्षा केसभर खाली असायचा. आम्हा सगळ्यांचे कान त्यावरच पोसलेले, आम्हाला तोच खरा वाटायचा.

मग रिझ्क कैरोला एका मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळतेय का बघायला गेला. कानून हे तंतुवाद्य आणि व्हायोलिन शेजारी लागल्यावर व्हायचं ते झालं. तिथला प्रमुख म्हणाला, "पोरा, परत जा. तुझ्या गिटारला बंदराचं पाणी लागलंय." सगळे हसले. रिझ्क तसाच बसने परत आला, थेट माझ्या कारखान्यात, आणि गिटार टेबलावर ठेवून विचारलं, "बदीर, खरं सांग, मोजमाप कुठून घेतलंस?"

मी म्हणालो, "पुस्तकातून. हिशेब चोख आहे. खोट तुझ्या बोटांत असेल. नाहीतर कानात."

तो वळला. गिटार तिथेच सोडून गेला. त्या दिवसानंतर त्याने कुठलंच वाद्य हातात धरलं नाही. पोर्ट फुआदच्या फेरीबोटीवर दोर टाकायचं काम धरलं. बेचाळीस वर्षं झाली. त्याची फेरी धक्क्याला लागताना दिसली की मी चहा मागवायचो आणि पुढच्या फेरीची वाट बघायचो.

चार वर्षांनी अम दसूकी वारले. त्यांचं गाणं कुणी टेपवर घेतलं नव्हतं, सिमसिमिय्या भाच्यांनी नव्या तारा घालून आपल्या कानाने लावली. पुढे एका दुपारी मी ही गिटार काढून तारा लावल्या. तिसऱ्या सुरावर बोट पडलं आणि मी दचकून दाराकडे बघितलं. म्हातारा खोलीत बसून गातोय असं वाटलं. सनिय्या आतून म्हणाली, "हे अम दसूकी कुठून आले?" तेव्हाच फेरीत बसून जायला हवं होतं. माझी हिंमत झाली नाही. लाज वाटत होती, आजही वाटते.

म्हणून लिहून देतो. रिझ्क, तुझ्या बोटांत खोट नव्हती. कानातही नव्हती. मी खोटं बोललो. ही गिटार माझ्या मृत्यूनंतर तुला मिळावी आणि हे कलम तुला मोठ्याने वाचून दाखवावं. त्या वेळी मी समोर नसेन, एवढीच माझी सोय.

(इथे लिहिणं दोन तास थांबलं. काय झालं ते क्रमाने लिहितो.)

साक्षीदार म्हणून कहवाखान्याचे हाजी मुतवल्ली आणि शेजारचे सबरी अशी दोघांची नावं ठरली होती. सबरीला सकाळपासून ताप. फतहीला म्हटलं, "धक्क्यावर जा, ओळखीचा कुणी भला माणूस सापडला तर घेऊन ये." फतही तीनदा मोजणारा माणूस आहे हे मी विसरलो. पाचवं कलम त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं असणार; तो फेरीत बसून पलीकडे गेला आणि रिझ्कला घेऊन आला. वाटेत एवढंच सांगितलं की मामांचं ऑपरेशन आहे.

रिझ्क दारात उभा राहिला. केस सगळे पांढरे, हात मात्र तेच.

"बदीर, मरतोयस म्हणे."

"रविवारी ठरेल," मी म्हटलं. "बस ना. चहा घेशील?"

"चहा नंतर. सही कुठे करायची ते दाखव."

मी पेन पुढे केलं तर उस्ताज़ा नश्वा मधे पडली. म्हणाली, "वाचून दाखवल्याशिवाय मी कुणाची सही घेत नाही." मी तिला डोळ्यांनी खुणावलं, खोकलो, पाणी मागितलं. तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मेगाहिदच्या दातांवर रिझ्क खो-खो हसला. मग पाचवं कलम आलं. मी खिडकीतून कबुतरांकडे बघत बसलो, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं.

वाचन संपलं. हाजी मुतवल्लींच्या हातातला चहा निवला होता.

"काढ ती," रिझ्क म्हणाला.

फतहीने कपाटातून गिटार आणली. रिझ्कने तारा लावल्या, बोटं आखडलेली होती, दोनदा जागा चुकली. मग सापडली. पहिला सूर, दुसरा, तिसरा. तिसऱ्यावर तो थांबला, तोच परत छेडला, आणि गिटारवर कपाळ टेकवून म्हणाला, "बाबा." मग लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. डॉक्टरांनी मला रडायला मनाई केली आहे.

डोळे पुसून त्याने मला शिव्या दिल्या. त्या उस्ताज़ा नश्वाने लिहू दिल्या नाहीत. शेवटचं वाक्य तेवढं देतो: "गाढवा, बेचाळीस वर्षं मी समजत होतो की माझे कान फुटके आहेत! पोरांच्या लग्नात टाळ्यासुद्धा हळू वाजवल्या मी, ताल चुकेल म्हणून!"

मी म्हटलं, "माफ कर."

"करतोय ना. शिव्या देऊन झाल्या की करतो."

तेवढ्यात उस्ताज़ा नश्वाने कायदा काढला. म्हणाली, "ज्याला या कागदातून काही मिळणार आहे त्याची साक्ष मी लावणार नाही. उद्या कुणी वाद घालेल. यांना गिटार हवी असेल तर सही करता येणार नाही. दुसरा साक्षीदार शोधा."

"आणि मी सही केली तर?" रिझ्कने विचारलं.

"तर पाचवं कलम काढावं लागेल."

रिझ्क माझ्याकडे वळला. "हा मरेपर्यंत वाट बघू? मी याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहे. ह्याची छाती दुरुस्त झाली आणि हा नव्वद वर्षं जगला तर मी काय कबरीत वाजवू? काट ते कलम. गिटार मी आत्ता नेतोय. आणि बदीर, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी दम्माला यायचं. माझ्या फेरीतून."

"छाती शिवलेली असेल रे माझी."

"मग गाऊ नकोस. नुसता बस."

सबब,

कलम ५ रद्द. रेघ माझ्या हाताने, सर्वांसमोर मारली आहे. खालचा मजकूर वाचता येईल इतपतच मारावी असं रिझ्क म्हणाला, म्हणून तशी मारली. कारण: वस्तू मालकाकडे पोचली.

कलम ६. या कागदावरून कुणी भांडू नये. भांडायचंच असेल तर मी जिवंत असताना घरी येऊन भांडावं. ते बरं पडतं, हे मला आज कळलं.

हा मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचलेला ऐकला आणि तो मला कबूल आहे.

सही: बदीर अल-सय्यद हसनैन
ठिकाण: पोर्ट सईद
तारीख: गुरुवार, १४ मार्च २०१९

आमच्यासमोर सही झाली:

साक्षीदार पहिला: मुतवल्ली इब्राहीम शलबी. वय ७१. धंदा: कहवाखाना.

साक्षीदार दुसरा: रिझ्क दसूकी अल-बहरावी. वय ६९. धंदा: फेरीवर नोकरी, हे खोडून, गिटारवादक.