आमच्या घरची रूथ

प्रिय शमुवेल भाऊजी,

'प्रिय' लिहिलं, कारण पत्र तसंच सुरू करायचं असतं. बाकी मला राग आलाय. त्या रविवारपासून आलाय, आणि भाकऱ्या थापताना, अंगणवाडीत लेकरांना खिचडी वाढताना तो माझ्यासंगं फिरून राह्यलाय. फोन केला असता, पण फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तुम्ही "चला, प्रार्थना करू, वहिनी" म्हणता, आणि मंग माणसाला डोळे मिटून गप्प बसावं लागतं. कागदावर तुम्हाला ते जमणार न्हाई, म्हणून कागद घेतला.

त्या रविवारी चर्चमध्ये पिकाच्या उपकारस्तुतीच्या भक्तीला तुम्ही पाहुणे पाळक म्हणून पुण्याहून आष्टीला आल्ते. वेदीपुढं ज्वारीची कणसं होती, मोसंबी होती, कुणीतरी पाय बांधून कोंबडी आणून ठेवली होती. तुम्ही बायबलातल्या रूथवर उपदेश केला. नवरा गेला तरी रूथ माहेरी गेली न्हाई, म्हाताऱ्या सासूला, नामीला, धरून राहिली. बोलता बोलता तुम्ही मला उभं केलं. "ही आमच्या घरची रूथ," म्हणाले. "माझा भाऊ दानिएल गेला, पण हिनं माझ्या आईला सोडलं न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पदर सावरत उभी राहिले, आणि तुमच्या आई बाकावर खाली मान घालून बसल्या. तुम्हाला वाटलं, त्या गहिवरल्या.

नामीची दुसरी सून अर्पा, जी माहेरी परत गेली, तिला मात्र तुम्ही बिलकुल सोडलं न्हाई. जगाच्या मोहाला भुलली म्हणाले, आपल्या देवांकडं गेली म्हणाले. मी टेंभुर्णीच्या बौद्धाच्या घरची लेक आहे हे अख्ख्या मंडळीला ठाऊक आहे, बोट दाखवायची गरजच नव्हती. भाऊजी, माझ्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव काढून टाकले. मी परत जाऊन पुजू तरी कुणाला?

दुपारी जेवणं झाल्यावर सतरंजीवर बायांची सभा बसली. तीच गोष्ट मी माझ्या पद्धतीनं घेतली. डोळे मिटा म्हणाले, त्या गोष्टीत जाऊन उभ्या राहा, आणि कुठं उभ्या आहात ते सांगा. ही रीत मी कुठल्या कोर्सात शिकले न्हाई. नवी नवरी होते, शास्त्रातलं ओ का ठो कळत नव्हतं, तेव्हा आई चुलीपुढं बसून गोष्टी सांगायच्या आणि म्हणायच्या, "नुस्तं ऐकू नको, आत ये." त्यांना वाचता येत न्हाई. कानानं ऐकलं आणि मनानं पाहिलं, तेवढंच त्यांचं शास्त्र. तुम्ही तरी पहिल्यांदा ते कुणाच्या तोंडून ऐकलं होतं?

गिरिजाबाई म्हणाली, मी रूथच्या मागं ज्वारीच्या रानात सांडलेल्या कणसांचा सरवा वेचून राह्यले. धसकटं पायात घुसून राह्यलीत. आणि कापणी चालू असताना मालकाचे गडी एकट्या बाईकडं कसे बघतात, ते मला बराबर ठाऊक हाय. ते ऐकून मी पुस्तक उघडलं आणि वाचून दाखवलं, की त्या रानाच्या मालकानं, बवाजानं, आपल्या गड्यांना तिला हात लावायचा न्हाई अशी ताकीद दिल्ती. ते आधीपासूनच लिहिलेलं आहे. इतक्या वर्षांत एकाही उपदेशात आम्ही ते ऐकलं नव्हतं, गिरिजाबाईच्या पायात धसकट घुसलं तेव्हा ते दिसलं. मंग मीना म्हणाली, मी अर्पासंगं परत निघालेय, ती रडून राह्यलीय. आणि मंग आई बोलल्या. "मी नामी हाय," म्हणाल्या. "पर माझं जरा..."

तेवढ्यात तुम्ही दारात. "वहिनी, पुरे. वचनात आहे तेवढंच सांगा, कल्पना माणसाला भरकटवते. आणि रानात ज्वारी नव्हती, सातू होते." झालं. तुम्ही सगळ्यांना उभं केलं, आशीर्वाद दिला, गाडीत बसले आणि गेले. आईचं बोलणं तोंडातच राहिलं.

आता मला सांगा, अर्पा मोहाला भुलली हे कुठं लिहिलंय? आपल्या आईच्या घरी जा, असं तिला नामीच म्हणाली होती. जाताना मुका घेतला, दोघी गळ्यात पडून रडल्या. ती आपल्या देवांकडं गेली एवढं लिहिलंय, मान्य. मोह तुम्ही पदरचा घातला. म्हणजे तुम्ही केली ती कल्पना उपदेश, आणि आम्ही केली ती भरकटणं. येशू म्हणाला, एका माणसाला दोन मुलगे होते. कुठला माणूस, कुठल्या गावचा? ऐकणाऱ्यानं मनात पाहिला तोच. आणि तुमचा उपदेश पहिल्या अध्यायातच का थांबतो हो? पुढं रूथचं त्या बवाजाशी लग्न होतं. नामीच तिला न्हाऊन, चांगली वस्त्रं नेसून त्याच्याकडं जायला सांगते. तेही वचनातच आहे.

माझंही होऊन राह्यलंय, भाऊजी. शहागडचा वसंता, हायवेला त्याचं टायरचं दुकान आहे, बायको वारलेली. आईंनीच जमवलं. स्वतः एसटीनं जाऊन घर बघून आल्या, पाण्याचा नळ सोडून बघितला, आणि घरी येऊन माझा मुका घेतला. वसंता म्हणतो, म्हातारीलाही घेऊन ये, एका माणसाचं ओझं होत न्हाई. मी तर त्यांची लुगडी माझ्या पेटीत भरलीसुद्धा.

आईंनी ती परत बाहेर काढली. काल भांडी घासता घासता त्यांनी त्या दिवशीचं अर्धं बोलणं पुरं केलं, आणि मला हे पत्र लिहायला बसवलं. माझ्याकडं बघितलं न्हाई, राखेचा हात तसाच तव्यावर फिरवत राहिल्या. म्हणाल्या, "नामीचे दोन्ही पोरं मेले होते गं. माझा एक जिता हाय. आधी त्याला इचार, तो न्हाई म्हणला तर मंग येते तुझ्यासंगं." म्हणून विचारते, भाऊजी. आईला न्यायला येता का?

अजून तरी तुमचीच वहिनी,
मोनाली