रखमीच्या बियाण्याची टोपली

खोडाळा, माघ वद्य ५, शके १८३६

चि. तुकास, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

मी सांगते, शाळेचे मास्तर लिहितात. त्यांना शपथ घातली आहे, तशी तुलाही. तुझ्या बायकोला, गंगीलासुद्धा यातलं काही सांगू नकोस. बुध्यानं माझं अंथरूण चुलीजवळून उचलून गोठ्यात टाकलं. सुनेला, सखीला माझा खोकला सोसत नाही म्हणे. पोटचा लेक म्हणतो, म्हातारीला आता पुढं काय लागतं, एक कोपरा पुरे. माझ्याच घरात तीन दिवस मी भाकर मागून खाल्ली.

पुढं काय लागतं ते दाखवते त्याला. चुलीवर धुरात टांगलेली नागलीच्या बियाण्याची टोपली शेजारच्या लाडक्याबरोबर धाडते आहे. लपवून ठेव. होळीपर्यंत गावातली नागली खाऊन संपते. मग पाऊस लागल्यावर, पालापाचोळा जाळून भाजलेल्या राबावर काय पेरतो ते बघू. तुझा लोभ गोठ्यापर्यंत पोचू दे.

रखमी

जव्हार, फाल्गुन शुद्ध ३

ती. रखमाबायस, तुकाचा शि. सा. न. वि. वि.

टोपली माळ्यावर ठेवली. लहानपणी माझी गोफण लपवायचीस, ती खोड सत्तरीतही गेली नाही! पण बाय, लेक आहे तो. तू इथंच ये ना. दरबारच्या शिपायाच्या घरी एक भाकर जड नाही. खोकल्याला अडुळसा घे. धाकट्यावर माया आहे ती राहू दे.

तुका

खोडाळा, चैत्र वद्य २, शके १८३७

चि. तुकास अनेक आशीर्वाद.

राब भाजून झाल्यावर बुध्यानं शिंकं चाचपलं आणि धावत गोठ्यात आला. मी सांगितलं, टोपली मामाकडे आहे, ज्येष्ठात मिळेल. तोवर मला कसं ठेवतोस ते बघते. त्याच दिवशी अंथरूण चुलीजवळ आलं. सखी ऊन भाकर वाढते. माया नाही, भीती आहे. मला चालते. तुझ्याकडे कशाला येऊ? ही चूल मी मांडली आहे. गंगीला आशीर्वाद सांग.

रखमी

जव्हार, वैशाख शुद्ध १

ती. रखमाबायस शि. सा. न.

कोणत्या तोंडानं लिहू? मी आठ दिवस कामावर बाहेर होतो. घरी पाहुणे आले, पीठ संपलेलं. गंगीनं तुझी टोपली काढली, सगळी नागली दळली, भाकऱ्या केल्या. परत आल्यावर दोन मीही खाल्ल्या, मग कळलं. तुझ्या शपथेपायी तिला मी बोललोच नव्हतो. आता मूठभरही उरली नाही. बुध्याला कळवू का? अजून कुठून तरी बियाणं मिळवील. रागव, पण नातं तोडू नकोस.

तुका

खोडाळा, वैशाख शुद्ध ८

चि. तुकास आशीर्वाद.

कळवू नकोस. टोपलीत कोंडा भर, तोंड शेणानं लिंप आणि बुध्या आला की हातात दे. इथं माझ्यासमोरच उघडायची, असं मी त्याला बजावलं आहे. त्याचं तोंड मला बघायचं आहे. मग दारोदार बियाणं मागत फिरू दे. मलाही त्यानं भाकर मागायला लावली.

पाऊस लागला की मी पुन्हा गोठ्यात, हे मला ठाऊक आहे. तोवर महिनाभर चूल माझी. गंगीवर रागावू नकोस. भाकऱ्या गोड लागल्या का, तेवढं कळव.

रखमी