अण्णांचं काय राहिलं होतं

१२ फेब्रुवारी १९९५
पुणतांब्याहून आलो. अण्णांचा दहावा झाला. म्हणजे झाला असं म्हणायचं. पिंडाला कावळा शिवला नाही. घाटावर कावळेच कावळे. शेजारच्यांच्या पिंडावर तुटून पडले, आमच्याकडे एक फिरकला नाही. विडी ठेवली, चहा ठेवला, भजी ठेवली. लेकीचं, सीमाचं लग्न थाटात करीन म्हणालो. ती सातवीत आहे. शेवटी हात जोडून मोठ्यानं बोललो की अण्णा, तुमचं जे काय राहिलं असेल ते मी पुरं करतो. एक कावळा आला, बघितलं, उडून गेला. दोन तासांनी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.
माझं मत: तिथल्या कावळ्यांची पोटं भरलेली असतात. मनाला लावून घेऊ नये.

१३ फेब्रुवारी, सकाळी सहा
कंपाउंडवर कावळा. भाकरी ठेवली. शिवला नाही. नुसता बघतो.
योगायोग.

१७ फेब्रुवारी
पाच दिवस रोज योगायोग.
विचार करून डोकं शिणलं. लकव्यानं अण्णांची वाचा गेली होती. शेवटचे पंधरा दिवस हात सारखा पत्र्याच्या ट्रंकेकडे. मला वाटलं थंडी वाजते. तीनदा ट्रंकेतला मफलर काढून गळ्यात बांधला. तिसऱ्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बरं वाटलं असणार.
आज ट्रंक तळापर्यंत उपसली. खाली फडक्यात स्टॅम्पपेपर. मोडी लिपी. आकडे तेवढे लागले: १९३८. खाली अंगठा. आजोबांचं, कारभारीबाबांचं मृत्युपत्रच असणार!
आता उलगडा झाला. घराण्याचा इतिहास उजेडात यावा, ही अण्णांची इच्छा. ते मला सोडून दुसऱ्या कुणाला जमणार?

२० फेब्रुवारी
संकल्प: १) पंधरा दिवसांत मोडी शिकणे. २) ग्रंथ लिहिणे. प्रकरणे बारा. ३) पहाटे उठणे.
नगरहून मोडीचं पुस्तक आणलं. बायकोचं, सुरेखाचं म्हणणं, इथं बेलापुरातच सहादेवतात्या आहेत, जुने तलाठी, त्यांच्याकडून वाचून घ्या. नको. घरची गोष्ट घरात बरी.

१४ मार्च
मोडी: धडा दुसरा. ग्रंथ: प्रकरण सातवं. आमचे मूळ पुरुष सरदार असावेत, असं सहाव्यातच सिद्ध झालं. पुरावा मृत्युपत्रात निघेलच.
ट्रंकेची कडी रोज सकाळी उघडी सापडते. सुरेखा म्हणते, मी हात लावत नाही. सीमा जवळ जायला घाबरते. जुनी कडी, सैल झाली असेल. तार बांधली.

१५ मार्च
तार सुटली. सैल बांधली असेल.

२ एप्रिल
शाळेत क्लार्कच्या कामामुळे मोडीला वेळ मिळत नाही. सबब, तात्यांकडे गेलो. जाड चष्मा, तरी सात मिनिटांत वाचलं. सरदार नाहीत. कारभारीबाबांनी लिहवून ठेवलंय की विहिरीजवळचे तीन एकर मी माझ्या कमाईने घेतले, ते मुलगी राहीस द्यावे, मुलगा श्रीमंत याने हरकत घेऊ नये.
श्रीमंत म्हणजे अण्णा. राही म्हणजे मिरजगावची आत्या.
तात्या चष्मा पुसत म्हणाले की तुझ्या बापानं हे माझ्याकडून एकदा वाचून घेतलं हुतं, लई वर्षं झाली. मंग गपच बसला.

३ एप्रिल
जेवण गेलं नाही. आत्या आठवत राहिली. मिरजगावचं रान कोरडं. बहात्तरच्या दुष्काळानंतर ती ऊसतोडीला यायची, टोळीबरोबर. तीन हंगाम आमचाच ऊस तोडला. त्याच तीन एकरांतला. आत्या आली की अण्णा रानात फिरकत नसत. माझ्याजवळ भाकरी-पिठलं द्यायचे. ती कोयता खाली ठेवून पोटभर पाणी प्यायची आणि म्हणायची, दादाला सांग, हिरीचं पानी लई ग्वाड हाय.
मी सांगायचो. अण्णा उठून आत जायचे.
लाज वाटते. दुसरं काही नाही, लाजच वाटते.

४ एप्रिल
संकल्प (पक्का): येत्या रविवारी मिरजगाव. कागद आत्याच्या हातात.

९ एप्रिल
रविवार. ऊन फार. शिवाय रानात ऊस उभा आहे. तुटला की जाऊ.

११ जून
ऊस तुटला. पाऊसपाण्याचे दिवस, एस.टी.चा भरवसा नाही. आत्याला सविस्तर पत्र लिहिलं. छान उतरलं. पेटीत टाकायचं राहिलं. खिशात आहे.

३० ऑक्टोबर
भाऊबीज गेली. तीन एकरांऐवजी दर वर्षी साडी-चोळी करावी, असा मधला मार्ग सुचला. सुरेखाला सांगितला, ती भाकरी थापत राहिली.
कावळा आहेच. मी दिशा बदलून बसतो.

१९ जानेवारी १९९६
निरोप आला. राहीआत्या गेली.

२७ जानेवारी
मिरजगाव. दहावा. पिशवीत दुखवट्याचा टॉवेल-टोपी आणि खाली कागद. ठरवलं होतं: कावळा अडणारच. मग सगळ्यांसमोर कागद काढायचा, आत्या, हे घे म्हणायचं, कावळा शिवेल. दोघंही सुटतील. अण्णाही. वाक्य पाठ केलं होतं.
बजरंगनं, म्हणजे आत्याच्या मुलानं, ओढ्याकाठी पिंड ठेवला. हात मागं घ्यायच्या आत कावळा शिवला.
बायका रडल्या. बजरंग डोळे पुसत म्हणाला की आई नेहमी म्हनायची, माजं कुनाकडंच काय राह्यलं न्हाई. मग माझ्या पिशवीकडं बघून विचारलं, आनकी काय आनलंय, भाऊ?
टॉवेल, म्हणालो.

२८ जानेवारी
शांतपणे विचार केला. आत्याचं काही राहिलं नव्हतं, हे कावळ्यानंच सिद्ध केलं. मग देणं उरलंच कुठं? विषय संपला. सुरेखाला पटवून सांगितलं. ती म्हणाली, आत्यांचं नसेल राहिलं. अण्णांचं राहिलंय ना?
कागद ट्रंकेत, मफलरखाली ठेवला.

२९ जानेवारी, सकाळी सहा
कंपाउंडवर आहे. भाकरी तशीच.
उद्या माझीही वाचा गेली, तर हात ट्रंकेकडे केल्यावर सीमा मफलरच काढेल. तिला आत्ताच सांगून ठेवलं पाहिजे.
तिची परीक्षा झाली की सांगतो.