ताइतातल्या गोळ्या

मु. वसमत, ज्येष्ठ, शके १८६९

प्रिय लेकी शकू,

तांड्यावरचा वसराम मोटारीनं कळमनुरीला निघालाय. तो दारातच उभा आहे. त्याच्या हाती हे पत्र आणि एक बारकी बाटली देतो. पत्र शेवटपर्यंत वाच, मधे डोळे पुसायला थांबू नकोस. तुझा बाप शाळेत गेला नाही, दुकानांच्या पाट्या बघून अक्षरं शिकला. आडवळणानं लिहिलं तर सांभाळून घे.

घरी बरं आहे म्हणायचं. गाय व्याली, कालवड झाली. भाकरी मीच थापतो. एक करपते, दुसरी कच्ची राहते. तुझी आई असती तर म्हणाली असती, 'तुमच्या भाकरीला कुत्रं बी पाया पडून परत जाईल.'

तिच्या छातीतली कळ तू बघितलीस. भारा उचलला की उरावर जातं ठेवल्यासारखं व्हायचं, डावा हात बधिर पडायचा. नांदेडच्या डॉक्टरांनी त्या पांढऱ्या गोळ्या दिल्या. कळ आली की बसायचं, गोळी जिभेखाली धरायची, गिळायची नाही. जीभ चुणचुणायची, डोकं ठणकायचं, पण कळ उतरायची. ती कुरकुरायची, 'छातीतलं दुखणं काढून डोक्यात घालतंय, हे काय औषध हाय व्हय?' गोळ्या सदा जवळ हव्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि ही बाटली कोनाड्यात ठेवून रानात जायची. लुगड्याला खिसा कुठला? ओच्यात खोचली तर वाकताना पडायची.

मग संक्रांतीला तू माहेरी आलीस आणि तिच्या गळ्यातला लहानपणापासूनचा चांदीचा ताईत सोनाराकडून उघडून आणलास. आतला अंगारा तुळशीत घातलास, गोळ्या भरल्यास, तोंड मेणानं लिंपलंस. जीव राखायचा तर आपल्यात ताईतच बांधतात. औषधही त्यातच घालावं, हे तुलाच सुचलं. साऱ्या आळीनं तुला नावाजलं, मीही. पुढं कळ यायची, ती बसायची, जरा विसाव्यानं बरं वाटायचं. आणि सांगत सुटायची, 'लेकीच्या हाताला गुण हाय. आता गोळीनं डोकं बी दुखत न्हाई.' आम्हाला त्याचं कौतुकच वाटलं, शकू.

फाल्गुनात हळद शिजत होती. कढईपाशी टोपली उचलता उचलता ती खाली बसली. मी गाडी जुंपायला धावलो तर हातानं थांबवलं. 'काहून घाबरून राहिले? शकूची गोळी हाय की.' मेण नखानं काढलं, गोळी जिभेखाली धरली आणि गुण यायची वाट बघत बसली. मग दुसरी धरली. बाया पदरानं वारा घालत होत्या. तिला उचललं तेव्हाही ताईत मुठीतच होता.

तेरावा झाल्यावर, उरलेल्या गोळ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून मी डॉक्टरांकडं नेल्या. त्यांनी एक स्वतःच्या जिभेखाली धरली. जीभ जराही चुणचुणली नाही, तेव्हा त्यांनी मला समजावलं. ही गोळी कापरासारखी असते, पोरी. काचेच्या बाटलीतून काढून अंगाच्या उबेला ठेवली की औषध उडून जातं, मागं नुसता खडू राहतो. तिचं डोकं दुखायचं थांबलं, ते त्यामुळं.

हे माझ्याबरोबर सरणावर जाणार होतं. पण परवा तुझं पत्र आलं. रुक्माबाईंना, तुझ्या सासूबाईंना, तीच तकलीफ, त्याच गोळ्या. आणि आईची आठवण म्हणून तू त्यांनाही तसाच ताईत करून घातलास. 'आता त्यांचंही डोकं दुखत नाही' असं हौसेनं लिहिलंस. ते वाचलं आणि त्याच पावली नांदेड गाठून ही नवी बाटली आणली. ऊठ लेकी. आधी तो ताईत उतरव, त्यातल्या गोळ्या फेक. बाटलीचं बूच घट्ट ठेव, बाटलीसकट पिशवीत घालून त्यांच्या कमरेला बांध. गोळीनं कळ उतरली नाही तर वाट बघत बसू नका, गाडी जुंपा. तू मायाच केलीस, त्या मायेला दोष लावू नकोस. रडायचं ते नंतर, इथं येऊन माझ्यापाशी रड. आणि त्यांना नव्या बाटलीतली गोळी लागली, की मला एवढाच निरोप धाड: सासूबाईंचं डोकं दुखलं.

त्या निरोपाकडं डोळे लावून बसलेला,
तुझाच आबा,
उकंडराव